विमा संपल्यानंतर आलेले अमेरिकेतील रुग्णालयाचे बिल: घर गहाण ठेवण्याआधी काय करावे

नाशिकहून एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा धाकटा, अविवाहित भाऊ न्यू जर्सीत एच-वन बी व्हिसावर नोकरी करत होता. ले-ऑफमध्ये त्याची नोकरी गेली आणि कंपनीचा आरोग्यविमा त्या महिन्याच्या अखेरीस संपला. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात अपेंडिक्स फुटल्यामुळे त्याच्यावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली. आता सुमारे ६० हजार डॉलरचे, म्हणजे रुपयांत ५० लाखांहून अधिक रकमेचे बिल हातात आहे आणि विमा संपून पाच आठवडे झाले आहेत. आई-वडील राहता फ्लॅट गहाण ठेवून पैसे पाठवण्याच्या तयारीत आहेत. तसे करावे का, आणि आई त्याच्याजवळ जाऊन राहणार असेल तर तिच्यासाठी कोणती काळजी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, फ्लॅट गहाण ठेवू नका आणि सध्या एकही डॉलर पाठवू नका. न्यू जर्सीतील रुग्णालयांत विमा नसलेल्या रुग्णांची बिले आणि त्यांचे मदतीचे अर्ज हाताळणे हेच अनेक वर्षे माझे काम आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की पहिल्या बिलावरील आकडा हा शेवटी द्यावा लागणारा आकडा क्वचितच असतो. मात्र तो आपोआप कमी होत नाही. तो कमी करून घेण्याचे मार्ग कायद्यात आहेत, प्रत्येक मार्गाला मुदत आहे, आणि रुग्णाने स्वतः मागितल्याशिवाय बहुतेक वेळा कोणी ते सांगत नाही. आजारी माणसाने बिछान्यावरून कायदे शोधावेत अशी अपेक्षा ठेवणारी ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. पण आज तुमच्यापुढचा प्रश्न तिच्यातून वाट काढण्याचा आहे.

सर्वांत आधी तारखा पाहा. तुमच्या भावासाठी एक मार्ग अजून खुला आहे आणि तो साधारण तीन आठवड्यांत बंद होईल. 'कोब्रा' या नावाने ओळखला जाणारा एक संघीय कायदा आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीतून नोकरी गेलेल्या माणसाला त्या कायद्यानुसार कंपनीचाच गटविमा साधारणपणे अठरा महिन्यांपर्यंत स्वखर्चाने चालू ठेवता येतो. हे अनेकांना ठाऊक असते, पण हप्ता भरमसाट असतो असे ऐकून ते पत्र बाजूला ठेवतात. त्यातील महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हा विमा निवडण्यासाठी साठ दिवस मिळतात, ते विमा संपल्याच्या किंवा कोब्राची नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून मोजले जातात, आणि निवड केल्यावर विमा मागील तारखेपासून, म्हणजे तो संपला त्या दिवसापासून, अखंड चालू असल्याचे मानले जाते. म्हणजे शस्त्रक्रिया होऊन गेलेली असली तरी मुदतीत निवड करून मधल्या महिन्यांचे हप्ते भरले, तर ती शस्त्रक्रिया विम्याच्या कक्षेत येते.

खर्चाचा अंदाज घ्या. आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या केएफएफ या संस्थेच्या २०२५ च्या सर्वेक्षणानुसार कंपन्यांच्या गटविम्याचा एका व्यक्तीचा सरासरी वार्षिक हप्ता ९,३२५ डॉलर होता, म्हणजे महिन्याला पावणेआठशेच्या आसपास. नोकरीत असताना यातील मोठा वाटा कंपनी भरत असल्यामुळे हा आकडा कर्मचाऱ्याला कधी दिसत नाही. कोब्रात तो पूर्ण, आणि वर दोन टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च धरून, स्वतः भरावा लागतो. तरीही दोन महिन्यांचे सोळाशे डॉलर आणि साठ हजारांचे बिल यांची तुलना करा. विमा लागू झाला की डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, आणि त्यानंतरच्या बिलातील स्वतःचा वाटा भावाला भरावा लागेल, परंतु योजनेच्या जाळ्यातील, म्हणजे तिच्याशी करार असलेल्या रुग्णालयांतील, उपचारांसाठी या एकूण रकमेला वार्षिक कमाल मर्यादा असते. २०२५ साली बहुतेक योजनांसाठी ती एका व्यक्तीमागे जास्तीत जास्त ९,२०० डॉलर होती. शिवाय ही त्याचीच जुनी योजना असल्यामुळे त्याच योजना-वर्षात नोकरीत असताना त्याने जे डिडक्टिबल भरले असेल ते मोजणीत धरले जाते. रुग्णालय त्या योजनेच्या जाळ्याबाहेरचे असले तरी तातडीच्या उपचारांना अशी अनपेक्षित चढी बिले रोखणाऱ्या, २०२२ पासून लागू झालेल्या 'नो सर्प्रायझेस' कायद्याचे संरक्षण आहे.

त्यामुळे आजच भावाला विचारा: कोब्राची नोटीस आली आहे का? ती बहुधा टपालाने, जुन्या पत्त्यावर आणि कंपनीऐवजी एखाद्या व्यवस्थापन संस्थेच्या नावाने येते, म्हणून जाहिरात समजून फेकली जाते. आली नसेल तर कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला लेखी विचारणा करावी आणि ईमेल जपून ठेवावा. निवडीचा अर्ज मुदतीत पोहोचल्याचा पुरावा घ्यावा. पहिला हप्ता भरायला निवडीनंतर आणखी पंचेचाळीस दिवस मिळतात. व्हिसाच्या अडचणीमुळे त्याला मध्येच भारतात परतावे लागले तरी निवडीचा हक्क जात नाही. नोकरी गेल्यावर एच-वन बी धारकाला देशात राहण्यासाठी जी कमाल साठ दिवसांची सवलत मिळते, तिची मोजणी कोब्राच्या मुदतीपेक्षा वेगळी आहे. लोक या दोन्हींत गल्लत करतात. कंपनी वीसपेक्षा लहान असेल तर राज्याचा वेगळा नियम लागू होतो आणि त्याची मुदत कमी असू शकते, म्हणून तेथे अधिक घाई करावी. कंपनीने आपली विमा योजनाच बंद केली असेल, तर मात्र हा मार्ग उरत नाही.

सरकारी बाजारपेठेतून, म्हणजे न्यू जर्सीत 'गेट कव्हर्ड एनजे'वरून, विमा घेण्यासाठीही नोकरीचा विमा गेल्यापासून साठ दिवस मिळतात. तो विमा पुढच्या काळासाठी चालतो, होऊन गेलेल्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडत नाही. एच-वन बीसारख्या कायदेशीर व्हिसावर असलेल्यांना तेथे हप्त्यासाठी अनुदान मिळू शकते, परंतु २०२५ च्या संघीय कायद्याने हा हक्क १ जानेवारी २०२७ पासून ग्रीन कार्डधारक आणि काही मोजक्या गटांपुरता मर्यादित केला आहे. २०२१ साली वाढवलेले अनुदानही २०२५ अखेर संपले. पुढील काही वर्षांत आपल्या लोकांना, विशेषतः नोकरी बदलण्याच्या काळात, याची झळ बसेल असे मला वाटते.

आता कोब्रा मिळत नाही असे गृहीत धरू. अशा वेळी भावाने रुग्णालयाच्या बिलिंग खात्याकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात: आयटमाइज्ड बिल आणि आर्थिक साहाय्याचा अर्ज. पहिल्या बिलात बहुधा एकरकमी आकडा असतो; आयटमाइज्ड बिलात प्रत्येक तपासणी, औषध आणि खोलीचा दिवस वेगळा दिसतो, आणि एकच गोष्ट दोनदा लावणे किंवा न झालेली तपासणी लावणे अशा चुका त्यातच सापडतात. तरीही खरी बचत चुका शोधण्यात नसून साहाय्याच्या अर्जात आहे, आणि लोकांनी आपली शक्ती तेथे लावावी असा माझा आग्रह असतो.

या अर्जामागे कायद्याचे बळ आहे. अमेरिकेतील बरीच रुग्णालये ना-नफा संस्था म्हणून करमुक्त असतात, आणि २०१० च्या आरोग्यसेवा सुधारणा कायद्यानुसार अशा प्रत्येक रुग्णालयाला लेखी साहाय्य धोरण ठेवावेच लागते. पात्र ठरलेल्या रुग्णाकडून तातडीच्या किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांसाठी, विमा असलेल्या रुग्णांना सर्वसाधारणपणे जी रक्कम लागते तिच्यापेक्षा अधिक घेता येत नाही. घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून १२० दिवस रुग्णालय कोर्टात जाण्यासारखी कठोर वसुली करू शकत नाही, आणि साहाय्याचा अर्ज २४० दिवसांपर्यंत स्वीकारावा लागतो. बिलावर 'शेवटची सूचना' असे लाल अक्षरांत छापलेले असले तरी या मुदती बदलत नाहीत.

न्यू जर्सीत याहून पुढची तरतूद आहे. राज्याच्या चॅरिटी केअर योजनेत कुटुंबाचे उत्पन्न संघीय दारिद्र्यरेषेच्या दुप्पट किंवा कमी असेल तर रुग्णालयाचे बिल पूर्ण माफ होते आणि तिप्पटीपर्यंत अंशतः माफ होते. २०२५ ची दारिद्र्यरेषा एका व्यक्तीसाठी १५,६५० डॉलर आणि चौघांच्या कुटुंबासाठी ३२,१५० डॉलर होती. म्हणजे चौघांच्या कुटुंबाला ९६,४५० डॉलरपर्यंत काही ना काही सूट मिळू शकते. अडचण मालमत्तेच्या अटीची आहे. बँकेत वगैरे सहज काढता येण्यासारखी रक्कम एका व्यक्तीमागे ७,५०० डॉलरपेक्षा आणि कुटुंबामागे १५,००० डॉलरपेक्षा अधिक असता कामा नये. काटकसरीने बचत केलेली आपली मुले नेमकी याच अटीवर अडकतात आणि 'आपल्याला मदत मिळत नाही' असे समजून थांबतात.

त्यांनी तेथे थांबू नये, कारण २००८ च्या न्यू जर्सीच्या कायद्यानुसार, राज्यात राहणाऱ्या ज्या विमा नसलेल्या रुग्णाच्या कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या पाचपटीहून कमी आहे, त्याच्याकडून रुग्णालय मेडिकेअरच्या दराच्या ११५ टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. एकट्या माणसासाठी २०२५ च्या हिशेबाने ही मर्यादा ७८,२५० डॉलर होते. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, रुग्णालयाच्या छापील दराच्या बराच खाली पैसे देतो; त्यामुळे एकट्या या तरतुदीने बिलाचा मोठा भाग गळून पडतो. भावाने आपल्या पत्रात चॅरिटी केअर आणि विमा नसलेल्यांसाठीची ही दरमर्यादा, असे दोन्ही उल्लेख करावेत. फक्त 'काही सवलत द्या' असे म्हटले तर दहा-वीस टक्के सवलत मिळते आणि प्रकरण मिटल्यासारखे होते.

लक्षात ठेवा की चॅरिटी केअर रुग्णालयाच्या बिलापुरती आहे. सर्जन, भूलतज्ज्ञ, इमर्जन्सीतील डॉक्टर आणि सीटी स्कॅन वाचणारा रेडिओलॉजिस्ट यांची बिले बहुधा वेगवेगळ्या संस्थांकडून, काही आठवड्यांच्या अंतराने येतात. त्या प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे लागते. रुग्णालयाने दिलेले मंजुरीपत्र जोडून तेवढीच सूट मागावी; अनेक डॉक्टर-समूह ती मान्य करतात, काही करत नाहीत, आणि उरलेल्या रकमेसाठी बिनव्याजी मासिक हप्ते ठरवून घेता येतात.

पैसे का पाठवू नयेत, याचे कारणही येथेच आहे. काही रुग्णालये स्वतःच्या साहाय्य योजनेसाठी अलीकडची बँक विवरणपत्रे मागतात, आणि त्यात भारतातून आलेली मोठी रक्कम दिसली की ती बिलासाठी उपलब्ध असलेला पैसा समजली जाण्याचा संभव असतो. त्याचप्रमाणे हे बिल साध्या क्रेडिट कार्डावर किंवा रुग्णालयातच देऊ केल्या जाणाऱ्या वैद्यकीय क्रेडिट कार्डावर टाकू नये. रक्कम कार्डावर गेली की रुग्णालयाच्या दृष्टीने बिल फिटले; त्यानंतर साहाय्य मागणे फार अवघड होते, आणि सुरुवातीचा बिनव्याजी काळ उलटला की मूळ तारखेपासूनचे व्याज एकदम लागू शकते.

वसुलीची भीती घरच्यांना सर्वाधिक असते. लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकेतील तिन्ही मोठ्या क्रेडिट संस्था एक वर्षाहून कमी जुने किंवा ५०० डॉलरहून कमी रकमेचे वैद्यकीय कर्ज अहवालात दाखवत नाहीत. सर्वच वैद्यकीय कर्ज अहवालातून काढण्याचा संघीय नियम जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला होता, परंतु त्याच वर्षी जुलैत टेक्सासमधील संघीय न्यायालयाने तो रद्द केला. न्यू जर्सीने मात्र २०२४ च्या स्वतःच्या कायद्याने बहुतांश वैद्यकीय कर्ज क्रेडिट संस्थांना कळवण्यास मनाई केली आणि त्यावरील व्याज वर्षाला ३ टक्क्यांवर बांधले. एक मात्र कटाक्षाने पाळा: कोर्टाचे समन्स आले तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. हजर न राहिल्यास निकाल आपोआप विरुद्ध जातो, आणि मग वर सांगितलेले बरेचसे बचाव मांडण्याची संधीच उरत नाही.

तुम्हाला साहजिकच प्रश्न पडला असेल की एकाच शस्त्रक्रियेचे इतके निरनिराळे दर कसे असतात. प्रत्येक रुग्णालयाकडे 'चार्जमास्टर' नावाची दरांची प्रचंड यादी असते. मेडिकेअर आपला दर स्वतः ठरवते, विमा कंपन्या घासाघीस करून आपला दर ठरवतात, आणि यादीतला पूर्ण दर ज्याच्या वतीने घासाघीस करणारे कोणीच नाही त्याच्या, म्हणजे विमा नसलेल्या माणसाच्या, वाट्याला येतो. सर्वांत दुबळ्याला सर्वांत चढा दर, ही गोष्ट इतकी वर्षे या कामात असूनही मला पटलेली नाही. मेरीलँड राज्याने सत्तरच्या दशकापासून रुग्णालयांचे दर सरकारी आयोगामार्फत ठरवले आहेत आणि तेथे सर्वांना मूलतः एकच दर लागतो. म्हणजे वेगळी पद्धत अशक्य नाही.

नोकरी आणि विमा यांची गाठही योजून बांधलेली नाही. १९२९ साली डॅलसच्या बेलर रुग्णालयाने शिक्षकांना महिन्याला ५० सेंटमध्ये वर्षात २१ दिवसांच्या रुग्णालयवासाची हमी देऊ केली. पुढे १९४२ मध्ये युद्धकाळात पगारवाढीवर निर्बंध आले तेव्हा कंपन्यांनी माणसे टिकवण्यासाठी विमा देण्यास सुरुवात केली, आणि १९५४ च्या करकायद्याने कंपनीने भरलेला हप्ता करमुक्त असल्याचे पक्के केले. १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आले. या सर्वांच्या मधल्या फटीत जे सापडतात त्यांची संख्या लहान नाही. जनगणना खात्यानुसार २०२३ साली सुमारे २ कोटी ६४ लाख लोकांना वर्षभर कोणताही विमा नव्हता.

तुमच्या भावाला एक गोष्ट निर्विवादपणे मिळाली, ती म्हणजे तातडीचा उपचार. इमर्जन्सी विभाग असलेल्या आणि मेडिकेअर स्वीकारणाऱ्या रुग्णालयाला, रुग्णाकडे पैसे किंवा विमा नसला तरी, त्याची तपासणी करून प्रकृती स्थिर करावीच लागते. ही सक्ती आणि कोब्राचा हक्क, दोन्ही एप्रिल १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या एकाच कायद्यातून आले आहेत. परंतु ती सक्ती उपचाराची आहे, मोफत उपचाराची नाही, आणि प्रकृती स्थिर होताच ती संपते. म्हणून मला अपेंडिक्सपेक्षा मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोग असलेल्या, विमा नसलेल्या रुग्णांची अधिक चिंता वाटते. साखर वाढून बेशुद्ध पडल्यावर इमर्जन्सीत दाखल करून घेतात, पण बेशुद्ध पडू नये म्हणून महिनोन्महिने लागणारी औषधे आणि तपासण्या तेथे मिळत नाहीत. केमोथेरपीही मिळत नाही. मेडिकेड या गरिबांच्या सरकारी विम्याची पात्रता न वाढवलेल्या टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत, मुले नसलेल्या गरीब प्रौढाला तर बहुधा मेडिकेडही मिळत नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांसाठी आणि नवा विमा मिळेपर्यंतच्या काळासाठी भावाने जवळचे सामुदायिक आरोग्य केंद्र गाठावे. संघीय अनुदानावर चालणारी ही केंद्रे देशभर आहेत, कोणालाही पैशाअभावी परत पाठवत नाहीत आणि दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्नानुसार शुल्क कमी करतात. औषधांसाठी डॉक्टरांना जेनेरिक लिहून देण्यास सांगावे. वॉलमार्टच्या यादीत अनेक जेनेरिक औषधांचा महिन्याचा खर्च ४ डॉलरपासून सुरू होतो, आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन त्यात आहे. यापुढे कोणतीही नियोजित तपासणी असेल तर आधी लेखी अंदाजपत्रक मागावे. विमा नसलेल्या रुग्णाला ते देणे २०२२ पासून सक्तीचे आहे, आणि प्रत्यक्ष बिल त्याहून ४०० डॉलर किंवा अधिक वाढले तर १२० दिवसांत दाद मागता येते.

आता आईविषयी. पर्यटक व्हिसावर येणाऱ्या व्यक्तीला सरकारी बाजारपेठेतील विमा मिळत नाही आणि चॅरिटी केअरमध्ये राज्याचे रहिवासी असण्याची अट आहे. बाहेरच्यांना तातडीच्या प्रसंगापुरताच काही वाव असतो. म्हणून निघण्यापूर्वीच प्रवासी विमा घ्यावा. त्यात दोन प्रकार असतात. एका प्रकारात प्रत्येक उपचारासाठी ठरावीक छोटी रक्कम मिळते, म्हणजे शस्त्रक्रियेचे काही हजार डॉलर वगैरे, आणि उरलेला सर्व बोजा आपल्यावर येतो. तो स्वस्त असल्यामुळे जास्त विकला जातो. दुसऱ्या, सर्वसमावेशक प्रकारात डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा हिस्सा एकूण मर्यादेपर्यंत भरला जातो. दुसराच घ्यावा, आणि मर्यादा किमान एक लाख डॉलर असावी. आईला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर जुन्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या त्रासासाठी काय मिळते, त्याला वयाची कोणती अट आहे, हे कलम मूळ कागदपत्रात वाचून घ्यावे, एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नये. नेहमीची औषधे पूर्ण मुक्कामाला पुरतील इतकी, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह बरोबर द्यावीत.

भावाने या आठवड्यात आधी कोब्राची नोटीस शोधावी आणि त्याच दिवशी रुग्णालयाला पत्र पाठवून 'विमा मागील तारखेपासून सुरू होण्याची शक्यता आहे, आर्थिक साहाय्याचा अर्जही मागवत आहे, तोपर्यंत खाते वसुलीस पाठवू नये' एवढे कळवावे. पत्रावर खाते क्रमांक घालावा, प्रत जवळ ठेवावी, आणि फोनवर कोणी काही आश्वासन दिले तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. कोब्रा मंजूर झाले की विम्याचा तपशील रुग्णालयालाच नव्हे, तर वेगळी बिले पाठवणाऱ्या प्रत्येक डॉक्टर-समूहालाही कळवावा, कारण विमा कंपनीकडे दावा सादर करण्यालाही मुदत असते.